राजवाड्यांचा अभिमान आणि त्यांचे कागद

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला. त्यातील उणिवांनी मराठी अभ्यासकांचा स्वाभिमान डिवचला गेला आणि पुढे वि. का. राजवाडे घरोघरची दप्तरे धुंडाळीत हिंडले, हे सर्वश्रुत आहे. परंतु १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी काढला, तो कोणत्या कागदांचा? शिवछत्रपतींच्या विजयांचा नव्हे, तर १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या पराभवापर्यंतच्या पत्रांचा. तेच कागद आधी हाती आले असतील, असे कोणी म्हणेल. असोत, ते दडपून ठेवण्याची मुभा तर होतीच!

प्रस्तावनेत राजवाडे पुष्कळदा वकिली आवेशाने लिहितात. गोविंदपंत बुंदेल्यांवर त्यांनी ठेवलेला ठपका या आवेशातलाच होय. पण ज्या पत्रांवर तो उभारला, ती पत्रेही त्याच खंडात छापलेली आहेत. ज्याला निवाडा पटत नाही, त्याला उलटतपासणीचे साहित्य खुद्द राजवाडेच पुरवितात. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली ‘पानिपत १७६१’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, तेव्हा मराठ्यांच्या राजकारणाची ती चिकित्सा परप्रांतीय वाचकांसमोरही गेली. राजवाड्यांविषयी आदर बाळगूनच शेजवलकर त्यांच्या मतांशी भांडत राहिले.