शिवेचे खुंट आणि टेकडीवरील थडगे

अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराच्या वाङ्मयाचा विचार करताना समीक्षक बहुधा फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकारापासून आरंभ करतात. वसाहतीची सलग सीमारेषा यापुढे दाखविता येत नाही, असे १८९० च्या खानेसुमारीने जाहीर केले, आणि १८९३ साली शिकागो येथे टर्नरने आपला निबंध वाचला. अमेरिकन माणसाचा स्वभाव आणि त्याची लोकशाही ही पश्चिमेकडे सरकत गेलेल्या ‘फ्राँटियर’ने घडविली, असे त्याचे प्रतिपादन होते. हा शब्द मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाची अडचण केवळ कोशापुरती नाही. ‘सीमा’ म्हणावे तर तिच्या दोन्ही अंगांस दोन राज्ये असतात. ‘शीव’ म्हणावे तर ती दोन गावांची मिळून असते, आणि एकाने ती परस्पर सरकविली की तंटा उभा राहतो. टर्नरच्या रेषेला एकच बाजू आहे. तिच्या पलीकडे मोकळी जमीन आहे, शेजारी नाही.

या एकेरी रेषेचा वाङ्मयीन कस पाहण्यास ओले एडवर्ट रोल्वाग याची ‘जायंट्स इन द अर्थ’ ही कादंबरी विशेष उपयोगी पडते, कारण ती विजयगाथांच्या जातीची नाही. रोल्वाग १८७६ साली उत्तर नॉर्वेतील डोन्ना बेटावर जन्मला, १८९६ साली दक्षिण डाकोटात आला, आणि पुढे मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात नॉर्वेजियनचा प्राध्यापक झाला. ही कादंबरी त्याने अमेरिकेत बसून नॉर्वेजियन भाषेत लिहिली. १९२४ व १९२५ साली ती दोन भागांत नॉर्वेत प्रसिद्ध झाली, आणि १९२७ साली इंग्रजीत आली. इंग्रजी रूप त्याने लिंकन कोलकॉर्ड या लेखकाच्या साहाय्याने सिद्ध केले. कोलकॉर्डला नॉर्वेजियन येत नव्हते. शब्दशः केलेल्या कच्च्या भाषांतरावर त्याने संस्कार केले. अमेरिकन पश्चिमेवरील एक श्रेष्ठ कादंबरी मुळात अनुवाद आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात ओझरती सांगितली जाते. अनेक भाषांत लिहिणाऱ्या देशाच्या वाचकास ती तितकी ओझरती वाटू नये.

कथेचा काळ १८७३ पासूनचा, आणि स्थळ डाकोटा प्रदेशातील सू फॉल्सच्या परिसरातील गवताळ मैदान. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्यास १६० एकर सरकारकडून मिळत असत. नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेला परदेशी माणूसही अर्ज करू शकत असे. नॉर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावरील कोळ्याला १६० एकर म्हणजे काय वाटत असेल, हे पेर हान्सा या नायकाच्या उल्हासावरून कळते. तो गवताच्या ढेपांचे घर बांधतो, झाडे लावतो, आणि आपले राज्य उभारल्याच्या आनंदात असतो. मूळ नॉर्वेजियन दुसऱ्या भागाचे नावच ‘राज्याची स्थापना’ या अर्थाचे आहे. इंग्रजीत दोन्ही भाग एकत्र झाले आणि हे नाव मुखपृष्ठावरून गेले. त्याबरोबर त्या नावातील उपरोधही गेला, कारण ज्या भागास हे नाव आहे त्याच भागात राज्याचा धनी बर्फात गोठून मरतो.

त्याची पत्नी बेरेट मात्र त्या मैदानात पाऊल टाकताच भयभीत होते. जेथे आडोसा घेण्यास एक झाड नाही, तेथे माणूस माणूस राहील कसा, हा तिचा प्रश्न कादंबरीभर घुमत राहतो. पूर्वजांकडून आलेली एक लाकडी पेटी तिच्यापाशी आहे. मरणानंतर त्याच पेटीत आपल्याला पुरावे, अशी तिची इच्छा. टोळांची धाड येते तेव्हा ती मुलाला घेऊन त्या पेटीत दडून बसते. या प्रसंगात रोल्वागने वेडाचे चित्रण केले आहे असे म्हणणे अपुरे होय. पेटी ही मागे टाकलेल्या देशाची उरलेली एकमेव भिंत आहे. व्हर्नन पॅरिंग्टनसारख्या समीक्षकाने या कादंबरीची थोरवी ओळखली ती याच ठिकाणी: वसाहतीचा हिशेब एकरांत मांडणाऱ्या राष्ट्राला रोल्वागने त्याची मानवी किंमत दाखविली. हे मत योग्यच आहे, परंतु ती किंमत कोणाकोणाची, हा प्रश्न त्यात शिल्लक राहतो.

तो प्रश्न कादंबरीच उपस्थित करते, आणि तेथेच तिचे बळ व तिची मर्यादा एकत्र सापडतात. पेर हान्साला शेजाऱ्यांच्या जमिनीत परक्या नावांचे खुंट रोवलेले आढळतात. आपल्या आधी कोणी आयरिश लोक येऊन या जमिनीवर हक्क सांगून गेले आहेत, हे त्याच्या ध्यानी येते. तो कोणालाही न सांगता ते खुंट उपटतो, लपवितो आणि पुढे जाळून टाकतो. बेरेटला हे कळते तेव्हा ती हादरून जाते. दुसऱ्याच्या शिवेची खूण हलविणे हे तिच्या संस्कारांत घोर पातक आहे. पुढे आयरिश येतात, त्यांच्यापाशी कागद नाहीत असे निष्पन्न होते, आणि मंडळी पेर हान्साच्या धूर्तपणाची वाहवा करतात. कायदा त्याच्या बाजूने लागतो, पण बेरेटच्या मनातील डाग जात नाही. या प्रकरणाची रचना नि:संशय श्रेष्ठ प्रतीची आहे. कायदेशीर निर्दोषत्व आणि नैतिक अपराध यांची फारकत इतक्या अल्प सामग्रीतून दाखविणाऱ्या कादंबऱ्या थोड्याच.

पण या खुंटांच्याही आधीची एक खूण त्याच भूमीवर आहे. वसाहतीच्या पहिल्याच दिवसांत पेर हान्सा आपल्या जमिनीतील टेकडीवर चढतो, आणि तेथे त्याला एक इंडियन थडगे दिसते. जवळून त्या लोकांची जुनी वाटही गेलेली आहे. म्हणजे येथे कोणी राहिले, कोणी मेले, आणि कोणी त्यांना पुरले. आयरिश माणसाचा लाकडी खुंट हलविण्यावर ज्या कादंबरीने एवढे नैतिक नाट्य रचले, तिने या दगडमातीच्या खुणेला काय स्थान दिले? थडगे भीती उत्पन्न करते, वातावरण गडद करते, आणि कथेच्या पार्श्वभूमीत विरून जाते. त्याच्यामुळे बेरेटच्या सदसद्विवेकालाही शिवेचे ते पातक आठवत नाही. तिला त्या मैदानात भूतपिशाच दिसते, पूर्वीचा मालक दिसत नाही.

रोल्वागवर अन्याय होऊ नये म्हणून सांगावयास हवे की, त्याने मूळ रहिवाशांना राक्षस केलेले नाही. इंडियनांचा एक तांडा टेकडीवर मुक्कामाला येतो, शेजारी घाबरतात, पेर हान्सा मात्र त्यांच्यात जाऊन एकाच्या चिघळलेल्या हाताची शुश्रूषा करतो आणि त्याला एक घोडा भेट मिळतो. प्रसंग सहृदय आहे, परंतु तांडा जसा येतो तसा निघून जातो. तो कोठून आला आणि त्याला कोठे जाणे भाग होते, हे लेखक विचारीत नाही.

इतिहासात मात्र त्याचे उत्तर आहे. बिग सू व मिसुरी या दोन नद्यांमधील मुलूख यँक्टन लोकांनी १८५८ च्या तहाने सोडला. १ कोटी १० लाखांहून अधिक एकर गेले, सुमारे ४ लाख एकर राखीव म्हणून उरले, आणि मोबदला ठरला तो ५० वर्षांत फेडावयाचे १६ लाख डॉलर. पेर हान्साची बैलगाडी तेथे पोहोचते ती या तहानंतर अवघ्या १५ वर्षांनी. थडगे जुने असले तरी त्याची आठवण असणारी माणसे तेव्हा हयात होती. ‘डाकोटा’ हे नावही त्यांचेच; त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मित्र किंवा सोबती. माणसे हलविली गेली आणि नाव प्रदेशाला चिकटून राहिले.

याच यँक्टन लोकांत, रोल्वागच्याच जन्मवर्षी, म्हणजे १८७६ साली, झित्काला-शा ही लेखिका जन्मली. १८८४ साली, आठव्या वर्षी, तिला इंडियानातील क्वेकर शाळेत नेण्यात आले. तेथे तिचे केस कापले गेले. तिच्या जमातीत केस कापणे हे शोकाचे व भ्याडपणाचे चिन्ह होते, आणि त्या दिवशी ती पलंगाखाली लपली होती. १९०० साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात तिने बालपणाच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. १९२१ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. आकाराने लहान आणि रचनेने काहीसे विस्कळीत असे हे लेखन रोल्वागच्या महाकाव्यसदृश कृतीशेजारी ठेवण्यास एखादा समीक्षक कचरेल. कलादृष्ट्या दोहोंची तुलना करणे आवश्यकही नाही. पण आरंभीच्याच एका प्रसंगात आई मुलीला एक टेकडी दाखविते. गोऱ्यांनी जमीन घेऊन हुसकून लावले त्या प्रवासात मुलीची बहीण आणि मामा आजारी पडून दगावले, ते तेथे पुरले आहेत, असे ती सांगते. रोल्वागच्या टेकडीवरील थडग्याला नाव नव्हते. या टेकडीवरील थडगी बहिणीची आणि मामाची आहेत. मराठीत सांगावयाचे तर येथे शिवेला दुसरी बाजू मिळाली.

दोघांच्या भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. रोल्वाग आयुष्यभर नॉर्वेजियन टिकविण्यासाठी झटला. भाषा गेली की माणूस आतून पोकळ होतो, ही त्याची श्रद्धा होती. ती श्रद्धा निराधार नव्हती: पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या मे महिन्यात, शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नराने सार्वजनिक ठिकाणी, दूरध्वनीवरसुद्धा, इंग्रजीखेरीज भाषा बोलण्यास बंदी घालणारा जाहीरनामा काढला होता. तरीही रोल्वागला नॉर्वेजियन शिकविण्यास महाविद्यालय होते, छापण्यास प्रकाशक होता, वाचण्यास समुद्रापलीकडे एक देश होता. झित्काला-शाला जिने तिची भाषा तोंडातून काढली त्या शाळेची इंग्रजीच वापरावी लागली, आणि तिने ती धारदारपणे वापरली. मातृभाषेतून लिहिण्यास एकाला जी सोय लाभली, ती दुसऱ्याला नाकारणाऱ्या व्यवस्थेचाच तो एक लाभार्थी होता. रोल्वागच्या भाषाप्रेमाचे गुणगान करणाऱ्यांनी ही बाजू क्वचितच पाहिली आहे.

कादंबरीचा शेवट प्रसिद्ध आहे. १८८०-८१ च्या भीषण हिवाळ्यात मरणोन्मुख मित्रासाठी धर्मोपदेशक आणावयास पेर हान्सा हिमवादळात निघतो, आणि मे महिन्यात काही मुलांना त्याचे प्रेत गवताच्या गंजीला टेकून बसलेले सापडते. त्याचे डोळे पश्चिमेकडे लागलेले असतात. या दृष्टीत कोणी अतृप्त महत्त्वाकांक्षा पाहिली, कोणी नियतीचा उपहास. त्याच्या नजरेच्या दिशेस, किंचित नैर्ऋत्येला, मिसुरीच्या काठी यँक्टनांची राखीव भूमी होती. १८८१ च्या त्या वसंतात झित्काला-शा तेथे आपल्या आईजवळ राहत होती. तेव्हा ती पाच वर्षांची होती.