पंचवीस सेंटांची पिन

रॉबर्ट पर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे 1974 मधलं पुस्तक दुकानात तत्त्वज्ञानाच्या फळीवर सापडतं. ग्रीक तत्त्ववेत्त्यांपाशी आणि कांटपाशी पोचेपर्यंत बरेच वाचक दमतात. उरलेले त्या चर्चेतच रमतात. मला हे पुस्तक आवडतं ते त्यातल्या सुट्या भागांसाठी. पार्ट बदलणं म्हणजे नेमकं काय करणं, हे इतक्या बारकाईने सांगणारं ललित लेखन मी दुसरं वाचलेलं नाही.

पुस्तकाला आधार आहे 1968 च्या एका प्रवासाचा. मुलाला मागे बसवून पर्सिग मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेले. गाडी होंडा सुपर हॉक, 305 सीसी, दोन सिलिंडर, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवायची, कारण कॅम वर असला की तेलही तिथवर चढावं लागतं.

हे इंजिन त्या प्रवासाच्या आधी एकदा सीझ झालं होतं. निवेदकाला स्वतः हात घालता आला असता. पण पार्ट मागवा, खास हत्यारं आणा, ही कटकट कोण करणार म्हणून त्याने गाडी गॅरेजात दिली. पर्सिग हे जाताजाता सांगतात, आणि पुढची सगळी फरफट तिथूनच सुरू होते. रेडिओ मोठ्याने लागलेला, पोरं थट्टामस्करीत. इंजिन उघडून बांधलं, ते पुन्हा सीझ झालं. रनिंग-इन धड केलं नाही, असं खापर मालकावर. पुन्हा उघडलं, या वेळी गॅरेजवाल्यांनीच गाडी जोरात पळवून पाहिली आणि ती त्यांच्याच हातात जाम झाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी सिलिंडर बदलले, कार्ब्युरेटरमध्ये मोठे जेट घातले, टायमिंग मागे घेतलं आणि वर बजावलं की जोरात चालवू नका.

ही यादी सावकाश वाचावी. मोठ्या जेटमधून पेट्रोल जास्त जातं, मिश्रण रिच होतं, इंजिन थोडं थंड राहतं. टायमिंग मागे घेण्यामागेही हिशेब तोच. म्हणजे इंजिन तापतंय हे त्या पोरांना कळलं होतं! का तापतंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. बदललेला प्रत्येक पार्ट ही तापावरची गोळी होती, नवेकोरे सिलिंडरसुद्धा.

मग येतो टॅपेट कव्हरचा प्रसंग. अ‍ॅडजस्टेबल पाना, तोही नीट न बसवलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन्ही कव्हरांचे कोपरे गोल होतात. आता छन्नी आणि हातोडी. छन्नी कव्हर फोडून थेट हेडवर बसते, पुढचा घाव चुकतो आणि कूलिंग फिन्सचे तुकडे उडतात. मालक गाडी घेऊन पळ काढतो. रस्त्यात कंप जाणवतो म्हणून पाहतो, तर इंजिन चेसिसला धरणाऱ्या चार बोल्टांपैकी दोन गायब, तिसऱ्याचा नट गायब. अख्खं इंजिन एका बोल्टावर लटकलेलं. पर्सिग हे सगळं आवाज न चढवता सांगतात. उपहास करायची गरजच पडत नाही, मोजदादच पुरते.

आणि या सगळ्यानंतर, काही आठवड्यांनी, खरं कारण सापडतं. इंजिनाच्या आत तेल पुरवणाऱ्या व्यवस्थेतली एक पिन तुटलेली होती आणि गाडी वेगात असताना हेडपर्यंत तेल पोचत नव्हतं. किंमत पंचवीस सेंट. लेखक म्हणून पर्सिग यांची हुशारी ही, की हातोडीला त्यांनी भरपूर जागा दिली आणि पिनेला जेमतेम एक वाक्य. घावांचा आवाज डोक्यात घुमत असताना ते वाक्य येतं, म्हणूनच लागतं.

याचीच दुसरी बाजू निवेदकाचा मित्र जॉन याच्या बीएमडब्ल्यूची. हँडल सैल होऊन फिरतंय. निवेदक म्हणतो, शिम, म्हणजे फटीत बसणारी पातळ पट्टी, घालू. जॉन खूश, कुठे मिळते म्हणून विचारतो. निवेदक हातातला बिअरचा कॅन दाखवतो आणि जॉनचा चेहरा पडतो. अठराशे डॉलरच्या जर्मन गाडीला बिअरच्या डब्याचा पत्रा? निवेदकाची बाजू पक्की आहे: अ‍ॅल्युमिनियम मऊ, पकड घेणारं, पावसात न गंजणारं, जाडीही नेमकी हवी तेवढी. धातूला ब्रँड ठाऊक नसतो. नंतर त्याला वाटतं, क्रुप घराण्याची खास जर्मन शिम म्हणून तीच पट्टी पुढे केली असती तर जॉनने आनंदाने घेतली असती. हा विनोद मला फार आवडतो, कारण त्यात निवेदक स्वतःही थोडा उघडा पडतो. पट्टी कुठे बसेल हे त्याला अचूक कळलं, मित्राच्या गळी ती कशी उतरवायची हे नाही.

पुढे पर्सिग पार्ट खरेदीविषयी अगदी व्यवहाराचं बोलतात. इंजिन उघडून बसल्यावर आणलेला पार्ट बसत नाही, याइतका हिरमोड दुसरा नाही. म्हणून जुना पार्ट सोबत न्यावा. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभा राहिलेला कोणीही इथे मान डोलावेल. तिथेही पहिला प्रश्न असतो, सॅम्पल आणलंय का? उघडलेले भाग वर्तमानपत्रावर वाचनाच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडावेत, ही सूचना तर एखाद्या लेखकालाच सुचावी.

माझी एक तक्रार आहे. गॅरेजातल्या पोरांना पर्सिग बोलूच देत नाहीत. रेडिओ आणि हातोडी यांपलीकडे त्यांना चेहरा नाही. दुसरी तक्रार जास्त जिव्हाळ्याची. ती पिन सापडली कशी? निवेदकाने आधी काय उघडलं, तेलाची वाट कुठून कुठवर तपासली, कुठे हात थबकला? याबद्दल अवाक्षर नाही. त्या शोधाची वीस पानं मी कांटवरच्या वीस पानांच्या बदल्यात आनंदाने घेतली असती.