परिषदेतील पाणी आणि नदीकाठचे पाणी : जलविषयक परिषदांची एक चिकित्सा

प्रस्तावना :

बल्लारपूर हे वर्धा नदीच्या काठावर वसलेले शहर. गोंड राजवटीची जुनी राजधानी, कागद कारखाना आणि कोळसा खाणी ही त्याची ओळख आहे. येथून पुढे वाहत गेलेली वर्धा वैनगंगेला मिळते. या दोन नद्यांची प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत विलीन होते. पावसाळ्यात बल्लारपूर-राजुरा मार्गावरील वाहतूक पुरामुळे बंद पडणे ही गोष्ट या भागाला नवीन नाही. उलट 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरणातील साठा खालावल्याने चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला संच बंद ठेवावे लागले होते. एकाच नदीखोऱ्यात पुराचा आणि टंचाईचा असा दुहेरी अनुभव येत असताना ‘जलव्यवस्थापन’ आणि ‘हवामान बदलाशी अनुकूलन’ हे विषय येथील महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत वारंवार निवडले जावेत, हे स्वाभाविकच आहे.

प्रश्न विषयाच्या निवडीचा नाही. या परिषदांमध्ये पाण्याविषयी कोण बोलतो, कोणत्या आकड्यांच्या आधारे बोलतो आणि त्या बोलण्याची पडताळणी पुढे कोठे होते, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात चंद्रपूर-गडचिरोली परिसराशी थेट संबंध असलेल्या काही घटनांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

जागतिक परिषदांचा वारसा :

संयुक्त राष्ट्रांची पहिली जलपरिषद मार्च 1977 मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे झाली. पाण्यालाच वाहिलेली त्यानंतरची परिषद न्यूयॉर्क येथे भरली ती मार्च 2023 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. मधल्या काळात जानेवारी 1992 मध्ये डब्लिन येथे झालेल्या परिषदेने चार तत्त्वे मांडली. जलव्यवस्थापनात वापरकर्त्यांचा सहभाग असावा आणि निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर घेतले जावेत, हे त्यांपैकी एक होय. महाराष्ट्रात 2005 मध्ये झालेल्या, सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविणाऱ्या अधिनियमात याच विचाराचा पडसाद उमटलेला दिसतो. तेव्हा परिषदा निरर्थक असतात, असे सरसकट विधान करणे अन्यायाचे ठरेल.

मात्र न्यूयॉर्क येथील परिषदेचे फलित सुमारे 700 ऐच्छिक वचनांच्या यादीच्या रूपाने पुढे आले. ही वचने कोणालाही बंधनकारक नव्हती. वचन देणे आणि वचनाचा हिशेब देणे यांतील हे अंतर जागतिक पातळीपासून महाविद्यालयीन चर्चासत्रापर्यंत सर्वत्र आढळते.

मेडिगड्डा : व्यासपीठावरचे आणि नदीवरचे

या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण याच खोऱ्यात आहे. तेलंगणाच्या कालेश्वरम उपसा सिंचन प्रकल्पातील मेडिगड्डा बंधारा गोदावरीवर, प्राणहितेच्या संगमाच्या खालच्या बाजूस उभा आहे. त्याचे एक टोक तेलंगणातील जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यात, तर दुसरे गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात ऑगस्ट 2016 मध्ये झालेल्या करारानुसार त्याची पूर्ण संचय पातळी 100 मीटर ठरली. 85 दरवाजांच्या या बंधाऱ्याचे उद्घाटन 21 जून 2019 रोजी झाले. बल्लारपूरहून वाहत जाणारे वर्धेचे पाणी शेवटी येथेच पोहोचते.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेशी संलग्न जलसंपदा संस्थेच्या वार्षिक जागतिक परिषदेत या प्रकल्पाचे दोनदा सादरीकरण झाले. मे 2017 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे तेलंगणाचे तत्कालीन मंत्री के. टी. रामा राव यांचे भाषण झाले. मे 2023 मध्ये नेवाडातील हेंडरसन येथे ते पुन्हा बोलले. या दुसऱ्या परिषदेत अभियांत्रिकी प्रगतीचे आणि भागीदारीचे चिरस्थायी प्रतीक म्हणून कालेश्वरम प्रकल्पाचा गौरव करण्यात आला. त्यानंतर पाच महिन्यांनी, 21 ऑक्टोबर 2023 रोजी, मेडिगड्डा बंधाऱ्याच्या सातव्या गटातील खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी नियोजन, संकल्पन, गुणवत्ता नियंत्रण आणि परिचालन-देखभाल या सर्वच बाबतींत उणिवा असल्याचा निष्कर्ष काढला.

येथे घटनाक्रम नीट पाहिला पाहिजे. खांब खचणार हे मे 2023 मध्ये कोणी ओळखायला हवे होते, असा आग्रह धरणे योग्य नाही. परंतु त्याआधीच्या पावसाळ्यात, जुलै 2022 च्या महापुरात, याच प्रकल्पाची मेडिगड्डाजवळील आणि अन्नारम येथील पंपगृहे पाण्याखाली गेली होती. त्याच पुराने सिरोंचा तालुक्यातील गावे व शेते बुडाली. बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे शेती बाधित होते, तिची भरपाई मिळावी आणि भूसंपादन पूर्ण व्हावे, या मागण्यांसाठी तेथील शेतकऱ्यांनी आंदोलने केली. म्हणजे गौरवाच्या वेळी प्रकल्पाच्या कामगिरीविषयीचा प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध होता. परंतु तो पुरावा होता नदीकाठावर.

या प्रकरणाचा बोध एखाद्या सरकारच्या किंवा संस्थेच्या दोषापुरता मर्यादित मानू नये. अभियांत्रिकी परिषदेत प्रकल्पाची ओळख संकल्पनाच्या आकड्यांनी होते : किती दरवाजे, किती साठवण, किती मीटर उचल, किती महिन्यांत बांधकाम. हे आकडे उद्घाटनाच्या दिवशीच पूर्ण झालेले असतात. परिचालनाचे आकडे मात्र त्या दिवसानंतर सुरू होतात : पुरात दरवाजे केव्हा उघडले, फुगवटा किती गावांपर्यंत गेला, किती शेतजमीन किती दिवस पाण्याखाली राहिली. पहिल्या प्रकारचे आकडे सादर करणारा वक्ता सहज मिळतो. दुसऱ्या प्रकारचे आकडे जवळ बाळगणारा शेतकरी, तलाठी किंवा शाखा अभियंता व्यासपीठावर येत नाही. ‘भागीदारी’चा गौरव होत असताना पैलतीरावरचा भागीदार सभागृहात नसावा, यातील विसंगती म्हणूनच केवळ योगायोगाची वाटत नाही.

अनुकूलन म्हणजे वेळेवर पोहोचलेला निरोप :

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर हे दुसरे उदाहरण होय. मध्य प्रदेशातील पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस झाला. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले. पुढे भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरासह ब्रह्मपुरी तालुका आणि गडचिरोली जिल्ह्यातील नदीकाठची गावे जलमय झाली, उभे धान गेले. पूर्वसूचना पुरेशी आधी मिळाली नाही, अशी पूरग्रस्तांची तक्रार होती.

गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या प्रकल्पाची चर्चा आजवर प्रामुख्याने वाढता खर्च, रखडलेले कालवे आणि पुनर्वसन यांभोवती फिरली, आणि ते योग्यच होते. परंतु 2020 च्या पुराने निराळा प्रश्न पुढे आणला. वरच्या धरणातून किती पाणी किती वाजता सोडले आणि ते कोणत्या गावाला किती वाजता पोहोचेल, हे त्या गावाला समजेल अशा भाषेत कोण सांगणार? अतिवृष्टीच्या घटना वाढत असताना अनुकूलनाचा हा पहिला धडा ठरतो. त्याला नवे धरण लागत नाही, दोन राज्यांच्या यंत्रणांमधील अखंड संवाद लागतो. अनुकूलनावरील सादरीकरणांत तापमानाचे आलेख आणि पर्जन्यमानाची प्रतिमाने हमखास असतात. निरोपाचा हा मार्ग मात्र क्वचितच तपासला जातो. तो ‘संशोधनाचा’ विषय मानला जात नाही, हेच त्याचे कारण असावे.

तलाव आणि तुटलेला संवाद :

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांचा विषय चर्चासत्रांतून उपेक्षित आहे, असे म्हणता येणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील हजारो तलावांचा, गोंड राजवटीने दिलेल्या उत्तेजनाचा आणि कोहळी समाजाच्या कौशल्याचा गौरवपूर्ण उल्लेख बहुतेक शोधनिबंधांत येतो. तथापि हा गौरव बहुधा वारशाचा असतो, व्यवस्थेचा नसतो.

हे तलाव टिकले ते केवळ पाळ भक्कम होती म्हणून नव्हे. रोवणीला पाऊस दगा देई तेव्हा कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, गाळ केव्हा काढायचा, मासेमारीचा हक्क कोणाचा, यांविषयी गावात ठरलेली रीत होती. ती समतेची होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मालगुजाराचे वर्चस्व तिच्यात होतेच. परंतु पाणी वापरणारा आणि तलाव राखणारा यांच्यात व्यवहार होता. मध्य प्रदेशच्या 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर तलाव शासनाकडे आले. जमीनदारी गेली हे इष्टच झाले. मात्र तलाव राखण्याची जुनी जबाबदारी संपली आणि तिच्या जागी तितकी जवळची नवी जबाबदारी उभी राहिली नाही. गाळ साचला, बेशरम माजली, अतिक्रमणे झाली. अलीकडील गाळमुक्तीच्या योजनांनी साठवण वाढू शकते, पण वाटपाची रीत त्यातून आपोआप निर्माण होत नाही. तलावाची घनमीटरमधील क्षमता सांगणारे निबंध पुष्कळ आहेत. एकाच तलावावर एका दुष्काळी खरिपात पाणी कसे वाटले गेले, याची नोंद करणारे फार थोडे.

गुणांचे गणित :

असे का होते? याचे एक उत्तर प्राध्यापकवर्गाला अडचणीचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधवाचनाला 10, राष्ट्रीय परिषदेला 7.5, राज्यस्तराला 5 आणि स्थानिक पातळीवरील सादरीकरणाला 3 गुण होते. 2018 च्या नियमावलीतही परदेशातील परिषदेला 7, तर राज्य अथवा विद्यापीठ पातळीला 2 असाच उतरता क्रम राहिला. विषय नदीपासून जितका दूर नेला जाईल, तितके त्याचे मोल अधिक, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. मग ‘जागतिक जलसंकट’ या शीर्षकाखाली दुय्यम साधनांवरून निबंध लिहिणे सोयीचे ठरते आणि शेजारच्या गावातील बोडीचे दोन पावसाळे निरीक्षण करणे तोट्याचे.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठाचे महत्त्व येथे नाकारलेले नाही. स्टॉकहोम जल पुरस्काराचे 1993 चे मानकरी माधवराव चितळे यांचे उदाहरण या संदर्भात मार्गदर्शक ठरावे. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाचे महासचिवपद सांभाळलेल्या या अभियंत्याने महाराष्ट्रात सिंचन सहयोगाच्या चळवळीला चालना दिली. तिच्या परिषदांत अभियंता आणि शेतकरी मराठीतून एकमेकांशी बोलले. जागतिक अनुभव आणि स्थानिक भाषा यांत विरोध असण्याचे कारण नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :

वरील विवेचनावरून जलविषयक परिषदांसाठी तीन किमान कसोट्या सुचविता येतात. पहिली, प्रत्येक प्रकल्पाच्या सादरीकरणात संकल्पनाच्या आकड्यांबरोबर परिचालनाचे आकडेही मागितले जावेत. दुसरी, ज्या नदीविषयी चर्चा आहे त्या नदीच्या दोन्ही काठांवरील व्यक्तीला प्रश्नोत्तरापुरती नव्हे, तर मांडणीसाठी वेळ मिळावी आणि कामकाज तिला समजणाऱ्या भाषेत चालावे. तिसरी, परिषदेची सुरुवात मागील परिषदेच्या ठरावांचे काय झाले या अहवालाने व्हावी.

या कसोट्यांना वेगळा निधी लागत नाही, त्यामुळे निधीअभावाची सबब येथे चालणार नाही. त्यांमुळे परिषदा कदाचित कमी भरतील आणि निबंधांची संख्याही घटेल. परंतु जुलै 2022 मध्ये सिरोंचाच्या शेतात पाणी किती दिवस उभे होते, हे विचारणारा एक श्रोता मे 2023 च्या त्या सभागृहात असता, तर गौरवाचे शब्द थोडे जपून वापरले गेले असते. बंधारा त्यामुळे वाचला असता असे नाही. परंतु तेथे जमलेल्या विद्येची विश्वासार्हता वाचली असती. वर्धेच्या काठावरील महाविद्यालयांना असा श्रोता घडविणे शक्य आहे, कारण त्यांच्या वर्गांत बसणारे अनेक विद्यार्थी याच नद्यांच्या काठच्या गावांतून येतात.