पाटीवर जे नाही, ते वाचायचं कसं?

युद्ध-संग्रहालयावर काम करायचं म्हटलं की पहिल्या मसुद्यात बहुतेक जण वस्तूंची यादी करतात आणि शेवटी 'मांडणी राष्ट्रवादी आहे' असा शिक्का मारून मोकळे होतात. शिक्का बरोबर असेलही, पण तो पुरावा नव्हे. पुरावा कुठे सापडतो हे बघायला टोकियोतलं युशुकान घेऊ.

यासुकुनी हे जपानच्या युद्धमृतांना वाहिलेलं शिंतो देवस्थान. १९७८ साली त्यात 'अ' वर्गातल्या १४ युद्धगुन्हेगारांचीही भर पडली. युशुकान त्याच आवारात आहे, १८८२ सालचं. आत शिरताच दालनात एक झीरो लढाऊ विमान आणि एक वाफेचं इंजिन दिसतं, सी-५६ जातीचं, क्रमांक ३१. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेच्या १९४३ मधल्या उद्घाटनाला धावलेलं हे इंजिन १९७९ साली परत आणलं गेलं. पाटीवरची माहिती खरी आहे. नाही ते एवढंच, की सुमारे ४१५ किलोमीटरचा हा मार्ग बांधताना १२ हजारांहून जास्त युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कित्येक पट.

म्हणजे बघा, इथे खोडून काढावं असं एकही वाक्य नाही. वगळलेलं दिसायला दुसरीकडची नोंद हातात लागते, म्हणून ती जाण्याआधीच वाचून ठेवा. नाहीतर तुम्ही चकचकीत काळं इंजिन बघाल आणि पुढे सरकाल.

आता दुसरी नोंद म्हणून थायलंडमधल्या कांचनाबुरीला गेलात, तर तिथे युद्धकैद्यांची जवळपास सात हजार थडगी आहेत, रांगेत, निगा राखलेली. पण मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर? ते मोठ्या संख्येनं मेले, आणि नावानिशी थडगं त्यांच्यातल्या फारच थोड्यांच्या वाट्याला आलं. तुमची 'दुसरी बाजू'सुद्धा कुणाला तरी वगळून उभी असते. माझ्या मते खरा संशोधन-प्रश्न इथे आहे, 'जपान काय लपवतो' यात नाही. त्या प्रश्नावर ढिगानं लिहून झालंय.

युशुकानच्या शेवटच्या दालनांत मृत सैनिकांचे हजारो छोटे फोटो आहेत, पत्रं आहेत. लग्नाआधीच गेलेल्या मुलांसाठी घरच्यांनी वाहिलेल्या नवरीच्या बाहुल्या आहेत. इथे गलबलून येतं, आणि त्यात काही गैर नाही. ते दुःख बनावट नाही. फक्त टिपणवहीत दोन रकाने ठेवा: मला काय वाटलं, आणि कुणाच्या मरणाला इथे चेहरा दिलाय. शेकडो चेहऱ्यांमध्ये चिनी, कोरियन, तमिळ घरातलं कुणी शोधून बघा.

बाहेर राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे, २००५ सालचं. टोकियो खटल्यातले हे भारतीय न्यायाधीश. सगळे आरोपी निर्दोष, असं भिन्न मत त्यांनी दिलं. आपल्याला अभिमान वाटण्याची शक्यता जास्त, म्हणून तपासणीही इथेच कडक हवी. त्याच निकालपत्रात जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा भक्कम असल्याचं पाल यांनी मान्य केलंय. मूळ निकालपत्र हजाराहून जास्त पानांचं आहे. स्मारकावरच्या चार ओळींवरून पाल उद्धृत करू नका.

आणि हो, जिथे पाटीचा फोटो काढू देत नाहीत तिथे मजकूर हातानं उतरवा आणि तारीख टाका. युशुकानमधला अमेरिकेविषयीचा मजकूर २००६ साली टीका झाल्यावर बदलायला घेतला होता. तुमचा मार्गदर्शक पुढच्या वर्षी तिथे गेला आणि तिथे वेगळंच वाक्य असलं, तर तुमच्याकडे दाखवायला काय असेल?