कुमारवाचकासाठी ग्रंथनिवड : निवेदकाच्या स्थानाचा प्रश्न

मराठी बालसाहित्याविषयीचे समीक्षालेखन प्रामुख्याने दोन वाटांनी गेले आहे. पहिली वाट इतिहासाची. मालतीबाई दांडेकर यांच्या 'बालसाहित्याची रूपरेषा'सारख्या ग्रंथाने लेखक, नियतकालिके आणि वाङ्मयप्रकार यांची नोंद करून ती प्रशस्त केली. दुसरी वाट शैक्षणिक उपयुक्ततेची. 'संस्कार', 'ज्ञान' आणि 'रंजन' हे तिच्यावरील परवलीचे शब्द होत. नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकासाठी पुस्तक निवडताना वाङ्मयीन निकष कोणता असावा, हा प्रश्न मात्र या दोन्ही वाटांवर दुर्लक्षित राहिला. ग्रंथनिवड ही शिक्षक, ग्रंथपाल वा पालक यांची व्यावहारिक बाब मानली गेली. वस्तुतः निवड हे मूल्यमापन आहे, आणि मूल्यमापन ही समीक्षेची जबाबदारी आहे.

कुमारवाचकाची अवस्था लक्षात घेतल्याशिवाय हा निकष सापडणार नाही. चित्रपुस्तके मागे पडलेली असतात. प्रौढांच्या कादंबरीतील अनुभवविश्व अद्याप दूर असते. अक्षरांशी झगडा संपलेला असल्यामुळे वाचनाचा वेग येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठ्यांच्या बोलण्यातील आणि वागण्यातील अंतर या वयात दिसू लागते. निवेदक आपल्याला काही सांगतो आहे की आपल्याकडून काही करवून घेतो आहे, हे या वाचकाला चटकन कळते. म्हणून कथेत काय सांगितले आहे, याइतकेच ते कोण आणि कोठे उभे राहून सांगतो, याला महत्त्व येते.

वोल्फगांग इझरने मांडलेली 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना एडन चेंबर्स यांनी १९७७ मध्ये बालसाहित्याला लावली, ती याच जाणिवेतून. संहितेतच वाचकासाठी एक जागा आखलेली असते. निवेदकाचा सूर आणि दृष्टिबिंदू यांवरून ती ओळखता येते. जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये याच्या पुढचा, अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न उपस्थित केला : प्रौढ लिहितो आणि मूल स्वीकारते, अशा विषम नात्यावर उभ्या असलेल्या साहित्याला 'मुलांचे' म्हणावे का ? ही विषमता पूर्णतः नाहीशी होणे शक्य नाही. एखादी कृती ती लपवते की तिच्याशी प्रामाणिकपणे व्यवहार करते, हे मात्र तपासता येते. मराठीतील तीन सुपरिचित कृतींच्या आधारे हे तपासणे उद्बोधक ठरेल.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) हे संस्कारक्षम पुस्तकांच्या बहुतेक याद्यांत अग्रभागी असते. या कृतीची कथनरचना मात्र यादी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. प्रौढ श्याम रात्रीमागून रात्र आश्रमातील सोबत्यांना आपल्या बालपणाच्या आठवणी सांगतो. म्हणजे संहितेतील श्रोता मूल नाही, आणि सांगणारा उपदेशकाच्या आसनावर बसलेला नाही. तो कबुली देतो आहे. पोहायला जायचे टाळून लपून बसणारा श्याम, पुस्तकाच्या ओढीने पैसे चोरणारा श्याम, हे या कबुलीचे विषय आहेत. पुस्तकासाठी चोरी करणाऱ्या मुलाची कथा सद्‍वर्तनाचा पाठ म्हणून मुलांच्या हाती दिली जाते, तेव्हा तिच्यातील ओढ आणि अपराधभाव यांचा ताण विरून जातो. उरते ते तात्पर्य. कुमारवाचकाला या पुस्तकाशी जोडू शकेल असा दुवा श्यामच्या दुबळेपणात आहे. संस्काराच्या निकषाने हे पुस्तक निवडले जाते खरे, पण त्याच निकषामुळे ते चुकीच्या रीतीने हाती पडते.

भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे' मालिकेत निवेदक निराळ्या जागी आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेल्या बनेशच्या सायकलच्या वेगाशी तो स्वतःचा वेग जुळवून घेतो. प्रौढ पात्रे आहेत, परंतु प्रसंग ओळखण्याचा आणि कृती करण्याचा अधिकार मुलाकडे आहे. या कथांना 'केवळ रंजन' म्हणून खालची पायरी देणारी समीक्षा हा अधिकार विसरते. उपदेशाची परतफेड न मागता वाचकावर विश्वास टाकणे, हे या कथनाचे मूल्य होय. तरीही या साहसविश्वात मुलींची जागा दुय्यम आहे, हे नमूद करावे लागते. त्यामुळे मालिका त्याज्य ठरत नाही. तिच्या शेजारी कोणते पुस्तक ठेवावे, हा प्रश्न तेवढा निर्माण होतो. तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'चा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला अनुवाद अशा शेजारासाठी योग्य आहे. निवडीचे एकक एकटे पुस्तक नसून पुस्तकांचा संच आहे, हे येथे स्पष्ट होते.

प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास'मधील (१९९४) लंपन हे तिसरे उदाहरण. हे लेखन बालसाहित्य म्हणून प्रसिद्ध झाले नाही, आणि म्हणून ग्रंथालयांच्या बालविभागात ते क्वचितच दिसते. येथे निवेदक स्वतः मुलगाच आहे. त्याची अतिशयोक्ती, त्याचे आकड्यांचे वेड, कानडीच्या शेजाराने घडलेली त्याची बेळगावकडची मराठी, यांतूनच जग उलगडते. त्याला न समजलेल्या गोष्टी प्रौढ वाचकाला समजतात. पण त्या समजाच्या बळावर कोणी त्याला वरून न्याहाळत नाही. सर्वच कथा या वयाला पेलतील असे नाही. काही निश्चित पेलतील. वयोगटाचा शिक्का आणि वाङ्मयीन योग्यता यांची फारकत यावरून ध्यानात येते. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'च्या बालगट आणि कुमारगट खंडांनी हे कार्य प्रत्यक्षात केले. मोठ्यांसाठी लिहिलेल्या साहित्यातील उतारेही चित्रांच्या सोबतीने मुलांपुढे ठेवून त्यांनी निवड ही स्वतःच एक समीक्षाकृती असू शकते, हे दाखवून दिले.

लंपनच्या भाषेने उपस्थित केलेला प्रश्न नवी मुंबईसारख्या शहरात अधिक तीव्र होतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवण्याचे ठरले. या गावांतील आगरी आणि कोळी कुटुंबे, बाजारपेठ मुंबईहून वाशीला हलल्यावर कोपरखैरणे-घणसोली परिसरात स्थिरावलेली सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबे, दगडखाणी आणि बांधकामांवर आलेले मजूर, तसेच इंग्रजी माध्यमात मुलांना घालणारा मराठी नोकरदार वर्ग : या सर्वांची मुले 'मराठी कुमारवाचक' या एकाच संज्ञेखाली मोडतात. त्यांच्या घरची मराठी एक नाही. पुस्तकातील मराठी मात्र बहुधा एकच असते. आगरी मुलाला आगरी जीवनाचेच पुस्तक द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. परक्या अनुभवात शिरण्याची मुभा हाच वाचनाचा मोठा लाभ आहे. तपासायचे ते हे की, प्रमाणेतर बोली कथेत केवळ गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी येते, की तिला निवेदनाचा अधिकारही मिळतो. बोलीला हसण्याची जागा देणारे पुस्तक ती बोली बोलणाऱ्या वाचकाला स्वतःच्या घरावर हसायला शिकवते.

या निवडीचे परिणाम सर्व घरांत सारखे नसतात. घरी पुस्तकांचे कपाट असेल, तर एका नीरस पुस्तकाची भरपाई दुसरे करते. ज्या घरातील पहिला वाचक ते मूलच आहे, तेथे शाळेतून आलेले एखादे पुस्तक वाचनाविषयीचे मत कायमचे बनवू शकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असणे आवश्यक ठरवले. समग्र शिक्षा योजनेने २०१८ पासून त्यासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद केली. पुस्तके कोणती, याचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. ते उत्तर समीक्षेने दिले नाही, तर किंमत, सवलत आणि मुखपृष्ठावरील वयोगट ते देतात. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. तेव्हा पुस्तकांच्या दुर्मीळतेची सबबही आता पूर्वीइतकी टिकणारी नाही.

कुमारवाचकासाठी पुस्तक निवडताना निवेदक वाचकाच्या डोक्यावरून पालकांशी बोलतो का, मुलाच्या चुकीला कथेत तात्पर्याखेरीज स्वतंत्र स्थान आहे का, आणि कोणाच्या मराठीला गोष्ट सांगण्याचा हक्क दिला आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. यांपैकी एकही प्रश्न बालमानसशास्त्राकडून उसना घ्यावा लागत नाही. कथनमीमांसेने प्रौढ साहित्यासाठी घडवलेली साधने येथे पुरेशी आहेत. विद्यापीठीय समीक्षेने ती या साहित्याकडे वळवली नाहीत, याचे कारण साधनांच्या उणिवेत नसून बालसाहित्याला दिलेल्या प्रतिष्ठेत शोधावे लागेल. दहा वर्षांच्या वाचकासाठी होणारी निवड ज्या समीक्षेला आपल्या विचाराचा विषय वाटत नाही, तिने वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या वाचनविमुखतेची चिंता करावी, हे विसंगत आहे.