एक नियम, दोन मापे : यूट्यूबवरील आशयनियमन व अर्थार्जन

माहिती-तंत्रज्ञानाने सामान्य माणसाच्या हाती प्रसारणाचे साधन दिले, असे सर्रास म्हटले जाते. ते कोणाच्या अटींवर दिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. २००६ पासून गूगलच्या मालकीच्या असलेल्या यूट्यूबवर दोन स्वतंत्र निर्णय होतात. चित्रफीत ठेवावी की काढावी, हा पहिला. तिच्यावर जाहिरात द्यावी की नाही, हा दुसरा. दुसऱ्यामुळे निर्मात्याचे उत्पन्न थांबते, पण चित्रफीत जागेवरच राहत असल्याने अभिव्यक्तीवर गदा आली असे म्हणता येत नाही. दुजाभावाचे अनेक आरोप या फटीतूनच उद्भवतात.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या गोळीबारानंतर केसी नायस्टॅट या निर्मात्याने पीडितांसाठी निधी उभारणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. जाहिरातींचे उत्पन्नही त्याच कार्यास देण्याचे त्याने जाहीर केले होते. यूट्यूबने तिच्यावरील जाहिराती रोखल्या. हेतू कितीही चांगला असला, तरी दुःखद घटनांवरील चित्रफितींना जाहिराती द्यायच्या नाहीत, हे धोरण. त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच घटनेविषयीचे जिमी किमेल यांचे दूरचित्रवाणीवरील निवेदन यूट्यूबवर जाहिरातींसह दिसत होते. काही भागीदारांना आपल्या जाहिराती स्वतः विकण्याची मुभा आहे, असा खुलासा कंपनीने केला. हा खुलासा मूळ आरोपाहून अधिक बोलका आहे. शोकाची बूज राखणे हाच निकष असता, तर जाहिरात कोणी विकली याला महत्त्व उरले नसते.

कंपनीची अडचण खोटी नव्हती. २०१७ च्या मार्चमध्ये अतिरेकी प्रचाराच्या चित्रफितींवर आपल्या जाहिराती झळकल्याचे पाहून ब्रिटनमधील अनेक जाहिरातदारांनी हात आखडता घेतला होता. मात्र या भीतीची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे. लोगन पॉल या लोकप्रिय निर्मात्याने ३१ डिसेंबर २०१७ रोजी जपानमधील आओकिगाहारा अरण्यातील एका मृतदेहाची दृश्ये प्रसारित केली. जानेवारीत त्याला जाहिरातदारांच्या पसंतीच्या श्रेणीतून वगळले गेले. पुढच्या महिन्यात थांबवलेल्या जाहिराती थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. त्याच जानेवारीत किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण ही अट जाहीर झाली व असंख्य लहान वाहिन्यांचे उत्पन्न बंद झाले. त्यांचा अपराध एवढाच, की त्या लहान होत्या.

या दुजाभावाला वैचारिक पक्षपात मानण्याकडे तक्रारदारांचा कल असतो. पुराणमतवादी प्रेगर युनिव्हर्सिटीने तसा दावा केला. ऑगस्ट २०१९ मध्ये समलिंगी व पारलिंगी निर्मात्यांनीही न्यायालयात धाव घेतली. परस्परविरोधी गटांनी एकाच कंपनीवर एकच आरोप करावा, यातून विचारसरणीपेक्षा व्यापारी सोयीकडेच बोट जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने प्रेगरचे अपील फेटाळताना यूट्यूब हे खासगी व्यासपीठ असून घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी त्याच्यावर बंधनकारक नाही, असा निर्वाळा दिला. परिणामी, नायस्टॅटसारख्या निर्मात्याला दाद मागायची ती मुख्यतः कंपनीकडेच. आणि किमेल यांना लागू असलेला करार त्याला वाचायला मिळत नाही.