दमयंतीचा डाव

दिवाळीच्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण याच तिथीला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात ही जोडी खेळताना कोरलेली आहे. देवाधिकांनीच पायंडा पाडल्यावर मग माणसांनी मागे का राहावे? आमच्या महालातल्या जुन्या वाड्यात पाडव्याच्या रात्री पत्ते निघत. मुलांचा झब्बू आणि मेंढीकोट चाले. थोरली मंडळी पान खाऊन बसली, की पैशापैशावर तीन पत्ती. दुसऱ्या दिवशी पत्ते फडताळात जात आणि वर्षभर कुणी त्यांचे नाव काढीत नसे. जुगाराचे असे वार्षिक श्राद्ध घातले की तो घरात भूत होऊन फिरत नाही, अशी माझ्या आजीची समजूत असावी.

हे आज आठवण्याचे कारण माझा एक भाचा. नोकरी चांगली, संसार नीट, दोन लहान मुले. गेल्या उन्हाळ्यात हे चिरंजीव विमानाने थेट लास व्हेगासला गेले आणि पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाच्या एका स्पर्धेत उतरले. प्रवेशमूल्य हजार डॉलर. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च निराळा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकून रिकाम्या हाताने परत आले. घरात दोन तट पडले. माझी बहीण म्हणाली, “परदेशात जाऊन जुगार खेळून आला, हे कुणाला सांगू?” भाचा म्हणाला, “मामा, हा जुगार नाही. बुद्धीचा खेळ आहे. आपल्या दिव्याचा सत्कार करता, मग माझ्याच वेळी तोंड का फिरवता?”

दिव्या म्हणजे दिव्या देशमुख. नागपूरच्या या एकोणीस वर्षांच्या मुलीने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. सारे शहर हरखून गेले होते. भाच्याचा प्रश्न मला अगदीच उडवून लावण्यासारखा वाटला नाही. माझा धंदा पुस्तके वाचण्याचा आणि त्यांच्यावर मत देण्याचा. तेव्हा निवाडा देण्याआधी मी पुस्तकांकडे गेलो. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकीकत.

प्रथम खेळ समजून घेतला. प्रत्येकाच्या हाती दोन पाने. ती इतरांना दिसत नाहीत. मधोमध पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात, ती सर्वांची. प्रत्येक टप्प्यावर बोली वाढवायची, जुळवायची, नाही तर पाने टाकून मोकळे व्हायचे. म्हणजे अर्धा पट उघडा, अर्धा झाकलेला. बुद्धिबळाशी तुलना इथेच लंगडी पडते. तिथे सगळी सोंगटी डोळ्यांसमोर असतात, झाकलेला असतो तो फक्त प्रतिस्पर्ध्याचा विचार. लास व्हेगासची जागतिक मालिका १९७० साली सुरू झाली. तिच्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशमूल्य दहा हजार डॉलर. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस, निव्वळ हौशी खेळाडू, ती जिंकून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी खेळाडू होते ८३९. २०२४ साली १०,११२ झाले. अशा स्पर्धांत शंभरातल्या साधारण पंधरांना काहीतरी मिळते. उरलेले पंच्याऐंशी माझ्या भाच्यासारखे येतात आणि जातात. २०१७ साली निपुण जावा आणि आदित्य सुशांत या जोडीने तिथल्या एका स्पर्धेत विजेत्याचे कडे पटकावले, तेव्हापासून आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या आशेला धुमारे फुटले.

कायद्याने या वादात बरीच वर्षे मध्यममार्ग धरला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, आणि त्या आधारावर पुढे अनेक खेळ उभे राहिले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या कायद्याने कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवला नाही. फोनवरचा डाव बंद झाला म्हणून तर भाच्याने विमान धरले.

आता साहित्य. आपल्या वाङ्मयात जुगारी दोन प्रकारे येतो. एक हास्यास्पद, दुसरा शोचनीय. ‘मृच्छकटिका’तला संवाहक दहा मोहरा हरतो आणि देणेकऱ्यांपासून लपण्यासाठी ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, पण समोर फासे खुळखुळताच त्या मूर्तीला राहवत नाही. शूद्रकाचा हा विनोद मोठा जाणता आहे. दुसरीकडे ऋग्वेदातल्या अक्षसूक्ताचा जुगारी आणि सभापर्वातला धर्मराज. या दोन्ही चित्रांत जुगाऱ्याच्या बुद्धीला जागा नाही. माझ्या बहिणीचे मत या परंपरेतले आहे.

परंतु आणखी एक कथा आहे, आणि ती आपल्या विदर्भाची आहे. वनात बसलेला धर्मराज बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुःखी राजा कुणी झाला आहे काय? उत्तरादाखल ऋषी नलोपाख्यान सांगतात. मराठी वाचकाला या कथेतला हंस ठाऊक असतो. रघुनाथ पंडितांनी आपल्या काव्यात तो असा काही रंगवला, की आमच्या पिढीला नल म्हणजे हंस आणि दमयंती म्हणजे स्वयंवर एवढेच उरले. ही रघुनाथ पंडितांची चूक नव्हे. त्यांना शृंगार हवा होता, तो त्यांनी घेतला. चूक आपली, की त्या गोडीत आपण मूळ कथेचा उत्तरार्ध वाचायचे सोडून दिले. कारण उत्तरार्धात हंस नाही, बेहड्याचे झाड आहे.

राज्य हरलेला, विद्रूप झालेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण बेहड्याकडे नुसती नजर टाकून सांगतो: या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. नल रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. हे कसे साधले, असे विचारल्यावर राजा म्हणतो, मला अक्षहृदय अवगत आहे. नल ते शिकतो आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. मोठी नवलाची जागा आहे ही. फाशांचे मर्म आणि झाडावरची फळे मोजण्याची विद्या कथाकाराने एकाच राजाच्या ठायी ठेवल्या आहेत, आणि वेदकाळी फासे म्हणून याच बेहड्याची फळे वापरीत. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ साली या प्रसंगाची आवर्जून दखल घेतली आहे. आपण मात्र त्रिफळा चूर्णाच्या पलीकडे बेहड्याची कधी चौकशी केली नाही.

येथवर वाचून मला वाटले, भाचा जिंकला. नशिबालाही एक गणित असते, ते शिकता येते आणि शिकलेला माणूस हरलेले परत मिळवतो, हे खुद्द महाभारत सांगते आहे. बृहदश्व धर्मराजाला ‘पुन्हा फाशांना शिवू नकोस’ असे बजावीत नाहीत. ते त्याला अक्षहृदय शिकवतात. मग मी भाच्याने दिलेले एक पुस्तकही वाचले: मारिया कोनिकोवा या मानसशास्त्राच्या पदवीधर लेखिकेचे ‘द बिगेस्ट ब्लफ’, २०२० साली प्रसिद्ध झालेले. पत्त्यांच्या जोडात पाने किती, हेही या बाईंना आरंभी ठाऊक नव्हते. एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूला त्यांनी गुरू केले आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामाज बेटांवर एक स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर मिळवले. पुस्तक चांगले आहे. आपला निर्णय बरोबर असूनही आपण हरू शकतो आणि चूक करूनही जिंकू शकतो, म्हणून निकालावरून स्वतःची किंमत करू नये, हा त्यातला विचार कुणाही संसारी माणसाच्या उपयोगी पडावा. ऋतुपर्णाने नलाला जे शिकवले, तेच सायडेल कोनिकोवांना शिकवतात, असे म्हणायलाही हरकत नाही.

पण समीक्षकाने कथा शेवटपर्यंत वाचली पाहिजे. ती वाचली, आणि माझा निकाल फिरला.

अक्षहृदय शिकलेला नल पुष्कराला पुन्हा डावाला बोलावतो. पणाला काय लावतो? नव्याने मिळवलेले धन, आणि दमयंती. पहिल्या वेळी सर्वस्व हरल्यावर पुष्कराने तिलाच पणाला लाव म्हणून डिवचले होते. तेव्हा अडाणी, कलीने झपाटलेला नल एका वस्त्रानिशी उठून गेला होता. आता शहाणा झालेला नल आपण होऊन तिचे नाव घेतो. त्या क्षणी ती तिथे नाही, कुंडिनपुरात माहेरी आहे. तिला विचारल्याचा उल्लेख नाही. नल जिंकतो, पुष्कराला क्षमा करून त्याचे नगरही त्याला परत देतो, आणि या औदार्याच्या प्रकाशात आपण तो पण विसरून जातो. माझ्या मते, संबंध उपाख्यानातली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच. विद्येने नलाचा खेळ सुधारला. काय लावावे आणि काय लावू नये, याचा विवेक मात्र विद्येबरोबर आला नाही. उलट, जिंकण्याची खात्री झाल्यामुळे त्याचा हात सैल सुटला.

मग या कथेत खरा खेळाडू कोण? माझे उत्तर: दमयंती. विदर्भाचा म्हणून मी विदर्भकन्येची बाजू घेतो आहे, असा आरोप होईल. तो मी पत्करतो. पण तिचे डाव पाहा. पहिला द्यूत महिनोन्‌महिने चालला असता नवरा कुणाचे ऐकत नाही, हे ओळखून तिने वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुले कुंडिनपुराला रवाना केली. हरत्या डावातून जे वाचवता येईल ते वेळीच बाजूला काढणे, हे उत्तम खेळाडूचे पहिले लक्षण. पुढे अयोध्येतल्या बाहुकाचा संशय आल्यावर तिने वडिलांना न कळू देता, आईच्या संमतीने ऋतुपर्णाकडे निरोप धाडला: दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे. ही निव्वळ हूल होती. असे स्वयंवर कुठेच नव्हते. ऋतुपर्ण येऊन पाहतो तर मांडव नाही, गडबड नाही. एका दिवसात एवढी वाट तोडणारा सारथी जगात एकच, हे ती जाणून होती. रथ वेळेत आला, तर सारथी नल. न आला, तर ऋतुपर्णाची एक खेप चुकली, एवढेच. आणि रथ आल्यावरही ती भुलत नाही. केशिनी दासीला पाठवून बाहुकाचा स्वयंपाक पारखते, मुलांना त्याच्यापुढे नेऊन त्याचे डोळे भरतात का ते बघते. झाकलेले पान ओळखण्याची याहून सुंदर रीत मला कुठल्या पुस्तकात आढळलेली नाही.

या हुलीत जोखीम नव्हती असे नाही. दुसरे स्वयंवर मांडणारी स्त्री म्हणून तिच्या नावाला बट्टा लागला असता. नलानेही भेटताच तिला तेच सुनावले. पण तिने पणाला लावले ते स्वतःचे नाव. दुसऱ्या कुणाला तिने पटावर ठेवले नाही. नलाच्या आणि तिच्या खेळातला फरक मला इथे दिसतो. कौशल्य की नशीब, हा वाद यापुढे मला दुय्यम वाटू लागला आहे. कोनिकोवांच्या पुस्तकाविषयी माझी तक्रार असलीच तर हीच, की त्यात टेबल फार स्पष्ट दिसते आणि घर फार पुसट. निर्णय कसा घ्यावा, हे ते सुरेख शिकवते. निर्णय कुणाकुणाला विचारून घ्यावा, हा त्याचा विषय नव्हे. आपल्या संसारी वाचकाला मात्र तोच विषय आहे.

म्हणून मी भाच्याला बोलावून घेतले आणि एकच गोष्ट विचारली: “लास व्हेगासला जाण्याआधी बायकोला कधी सांगितलेस?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिकीट काढल्यावर.”

जिंकला असतास तर ही गोष्ट मी विचारली नसती, हेही मी त्याला प्रामाणिकपणे सांगितले. नलाला कुणी विचारले नाही, ते त्याचमुळे. त्याने पोकर सोडावे, असे मी म्हणालो नाही. तो अधिकार माझा नव्हे, आणि बृहदश्वांनीही तो वापरला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचे त्याच्या मनात आहे. हजार डॉलर बाजूला पडताहेत. “मग जाऊ की नको, मामा?” असे त्याने विचारले, तेव्हा मी वनपर्वाचा खंड त्याच्या हाती ठेवला आणि म्हणालो, “हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारतो आहेस.”

पाडव्याला सगळी आमच्याकडे जेवायला यायची आहेत. फडताळातले पत्ते मी काढून ठेवले आहेत. भाचेसून तीन पत्ती फार छान खेळते, असे ऐकतो; आजवर तिला कुणी डावाला बसवले नव्हते. या खेपेस पहिली पाने तिच्या हाती द्यायची, असे मी ठरवले आहे.